हिशेब चुकता करून उजाडणारे वर्ष

जानेवारी-फेब्रुवारीत वाळवा तालुक्यात उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. इस्लामपूरजवळ साखराळे येथील राजारामबापू कारखान्याकडे उसाने भरलेल्या गाड्यांची रीघ लागलेली असते. त्याच दिवसांत मुंबईतील माझगावात एक लहानसा समाज आपले नववर्ष साजरे करीत असतो. हा समाज चिनी वंशाचा. आपण जिला साखर म्हणतो, तिला उत्तरेकडे ‘चिनी’ असे नाव आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या दोन गोष्टींतील नाते दूरचे वाटत नाही.

‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’वरून आला, ‘चिनी’ हे नाव मात्र चीन देशाची आठवण सांगते. वस्तुतः साखर करण्याची विद्या शिकण्यासाठी तांग घराण्याच्या सम्राटाने इ.स. ६४७ च्या सुमारास आपली माणसे मगधास पाठविली होती, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. विद्या येथून गेली आणि नाव तिकडून आले. पुढे अठराव्या शतकात टाँग अच्यू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याला बजबजजवळ हुगळीच्या काठी सुमारे ६५० बिघे जमीन वार्षिक ४५ रुपये खंडाने मिळाली. त्याने चिनी मजूर आणून ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. तो कारखाना टिकला नाही. परंतु त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. कोलकात्यातील चिनी कुटुंबे नववर्षानंतर तेथे त्याच्या समाधीच्या दर्शनास जातात.

मुंबईकडे हे लोक आले ते गोदीच्या आधाराने. कँटन प्रांतातील खलाशी जहाजांवरून उतरत आणि पुढचे जहाज मिळेपर्यंत माझगाव भागात राहत. पुढे काहींनी येथेच संसार मांडले. कोणी दातांचा दवाखाना काढला, कोणी चपलांचे दुकान, कोणी उपाहारगृह, कोणी केशरचनेचे दुकान. त्या खलाशी समाजाने नवाब टँक रस्त्यावर १९१९ मध्ये एक मंदिर उभारले. बाहेरून ते एखाद्या जुन्या दुमजली घरासारखे दिसते. आत लाल रंग, उदबत्त्यांचा धूर, तळमजल्यावर करुणेची देवता क्वान यिन आणि वर क्वान ताई.

चिनी नववर्ष अमावास्येला सुरू होते. आपल्याप्रमाणेच त्यांच्या पंचांगातही चंद्राचे महिने व अधिकमास असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये ती २९ जानेवारी होती, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, आकाशकंदिलांचा सण होऊन उत्सवाची सांगता होते. मात्र खरी तयारी आधीच सुरू झालेली असते. सुमारे आठवडाभर अगोदर चुलीचा देव वर्षभराचा वृत्तांत सांगण्यास स्वर्गात जातो, अशी समजूत आहे. त्याने घराविषयी गोड बोलावे म्हणून त्याच्या ओठांना गोड पाक लावतात. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनवणी करणाऱ्या आपल्या समाजाला हे सहज समजेल. मग घर झाडून स्वच्छ होते. पहिल्या दिवशी मात्र केरसुणीला हात लावीत नाहीत, आलेली लक्ष्मी बाहेर जाईल म्हणून.

याहून महत्त्वाचा नियम देण्याघेण्याचा. वर्ष संपण्यापूर्वी उधारी फेडावी, मागील बाकी नव्या वर्षात ओढू नये, अशी तेथील जुनी रीत आहे. जुन्या काळी चिनी व्यापाऱ्यासाठी वर्षअखेर ही वसुलीची आणि फेडीची शेवटची मुदत असे. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घरांना या नियमाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. नववर्षाचे कँटनी अभिवादनही ‘गोंग हे फात चोय’, म्हणजे आपणांस धनलाभ होवो असे आहे. आपण वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो.

लहानांना वडीलधारी मंडळी लाल पाकिटात पैसे देतात. नोटा कोऱ्या असाव्यात असा संकेत असल्याने हाँगकाँग व सिंगापूरच्या बँकांपुढे सणाआधी नव्या नोटांसाठी रांगा लागतात. रक्कम सम आकड्यात ठेवतात. आठ शुभ, चार वर्ज्य, कारण चारचा उच्चार मृत्यूवाचक शब्दाच्या जवळ जातो. आपण शंभरावर एक रुपया ठेवून एकशे एक करतो, म्हणजे खाते पूर्ण न होता पुढे चालू राहते. आकड्यांची रीत उलट, पण इच्छा तीच. पहिल्या दिवशी कित्येक घरांत केवळ शाकाहार असतो आणि बौद्ध रीतीच्या त्या भोजनात कांदा-लसूणही वर्ज्य मानतात.

मंदिरातील क्वान ताई हा मूळचा ग्वान यू नावाचा सेनापती, इ.स. २२० च्या सुमारास तो मारला गेला. तो योद्धा असूनही व्यापाऱ्यांचा देव झाला. एकदा तो शत्रूपक्षाच्या आश्रयास होता, तेव्हा त्या सरदाराने त्याला विपुल द्रव्य दिले. स्वतःच्या धन्याकडे परतताना ग्वान यूने ती सारी संपत्ती मोहोरबंद करून तेथेच ठेवली. जे आपले नाही ते नेले नाही आणि दिलेला शब्द मोडला नाही. पेढीवर पत टिकते ती याच दोन गोष्टींनी, म्हणून चिनी दुकानांतून आजही त्याची तसबीर दिसते.

अशा हिशेबी समाजाच्या खात्यात एक मोठी बाकी मात्र राहून गेली आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवली येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांतील बहुतेक आसाम व दार्जिलिंगकडचे होते. पुष्कळांचा जन्म येथलाच होता. काहींची सुटका होण्यास चार-पाच वर्षे लागली. परतल्यावर अनेकांना आपले घर वा दुकान मिळाले नाही. छावणीबाहेर राहिलेल्यांवरही पोलिसांकडे हजेरी देण्याची सक्ती आली. कितीतरी कुटुंबे कॅनडास निघून गेली, आणि मुंबईत आता थोडीच उरली. हयात असलेल्या बंदिवानांनी पैशाहून अधिक मागितली आहे ती दिलगिरी. संवत्सरीला लहानथोर सर्वांची क्षमा मागणाऱ्या समाजाला या मागणीचे वजन कळावे. हे देणे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही, म्हणून ते देणे नव्हे असे कोणताही सचोटीचा व्यापारी म्हणणार नाही.

माल खरेदीसाठी इस्लामपूरहून मशीद बंदरला जाणाऱ्यांना हे मंदिर दूर नाही. हार्बर मार्गावर तेथून दुसरे स्थानक डॉकयार्ड रोड. पुढे थोडे चालावे लागते. नववर्षाच्या आदल्या रात्री तेथे कुटुंबे जमतात, उदबत्त्या लावतात, बांबूच्या काड्या हलवून वर्षाचा कौल घेतात. शेजारचे मराठी, गुजराती, मुसलमान रहिवासी अशा वेळी त्यांना शुभेच्छा देऊन जातात. त्यांत आपलीही भर पडावी. येथेच जन्मलेल्या या लोकांना परके न समजता सणाच्या दिवशी त्यांच्या दारी जाणे, हा त्या जुन्या बाकीपोटी भरता येण्याजोगा एक लहानसा हप्ता आहे.