फोटोच्या मागची बाजू



मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी आणि सौ. रिक्षा करून न्यू पॅलेस पाहायला गेलो. मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराने आखलेला हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. आत शाहू छत्रपतींचं संग्रहालय आहे. पेंढा भरलेले वाघ, बिबट्याच्या मणक्यांची केलेली हातातली काठी. सौ. म्हणाली, "मला नाही बघवत हे, मी बाहेर बसते."

मी मात्र जुन्या खुर्च्या, मेजं आणि फोटो पाहत रेंगाळलो. त्याला कारणही होतं. शाहू महाराज १८९० ते १८९४ या काळात आमच्या धारवाडला शिकायला होते. स्टुअर्ट फ्रेझर हे त्यांचे शिक्षक. तेच पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वडेयरांचेही शिक्षक झाले. धारवाडचा अभ्यास संपला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात, महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. आमचे तात्या हे अशा थाटात सांगत, जणू महाराज आमच्याच ओसरीवर धडे गिरवून गेले!

शेजारी एक आजोबा नातवाला फोटो दाखवत होते. नातवाने विचारलं, "हे कोण ते तुम्हांला कसं माहीत?" आजोबा म्हणाले, "खाली लिहिलंय की रे." मी जागीच थबकलो. घरच्या ट्रंकेतले फोटो आठवले.

आई गेल्यावर धारवाडचं घर आम्ही भावंडांनी विकलं. बँकेतला माणूस म्हणून व्यवहार माझ्याकडे. शिसवी पलंग, आजोबांचं उतरतं लिहायचं मेज, लांब हातांची वेताची आरामखुर्ची, सगळं हुबळीच्या एका जुन्या सामानवाल्याला एकरकमी दिलं. चार समान वाटे केले, पावती जपून ठेवली. अक्का तेवढं म्हणाली होती, "खुर्ची ठेव रे, तात्या बसायचे." मी म्हटलं, "अक्का, फ्लॅटमध्ये कुठं ठेवायची?"

सामानवाल्याला भिंतीवरच्या तसबिरींच्या नक्षीदार चौकटीही हव्या होत्या. मी आतले फोटो काढून घेतले, चौकटी त्याला दिल्या. मागच्या लाकडी पाट्यांसकट. त्या पाट्यांवर आजोबांनी मोडीत सगळ्यांची नावं लिहिलेली होती. मला मोडी येत नाही, म्हणून त्या अक्षरांकडे मी पाहिलंही नाही. बँकेत चाळीस रुपयांच्या व्हाउचरवर तपशील नसला तर मी ते परत पाठवायचो. आणि घरच्या अकरा फोटोंचा तपशील माझ्याच हातांनी देऊन बसलो.

कोल्हापूरहून आल्यावर ते अकरा फोटो घेऊन हुबळीला अक्काकडे गेलो. तिचं वय शहाऐंशी. सकाळी जेवलेलं संध्याकाळी आठवत नाही. पण फोटो हातात घेतला आणि ती बोलू लागली. "हे अण्णाकाका. ह्या गदगच्या आत्या, ह्यांना गोड फार लागायचं. हा बाळू, प्लेगात गेला म्हणे." मी भराभर वहीत लिहीत होतो.

एका फोटोत खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई, मांडीवर मूल. अक्काला चेहरा ओळखता येईना. बराच वेळ तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. मग खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं. "हा डाग बघ. कंदील कलंडून जळलेला. ही आपलीच खुर्ची. म्हणजे बाई आपल्याच घरातली." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू विकलीस खरी, पण बघ, अजून उपयोगाला येते."

ती सहज बोलली, पण माझी मान खाली गेली.

अकरापैकी सात फोटोंना पूर्ण नावं मिळाली, तिघांना निम्मी. ती बाई मात्र राहिली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर सस्पेन्स खात्यात. फोटोमागे मी लिहिलं, "धारवाडच्या घरी, आपल्या आरामखुर्चीत. नाव कळलेलं नाही."

त्यानंतर दोनदा अक्काकडे जाऊन आलो. आता ती मलाच कधी अण्णाकाका म्हणते. तरी तो फोटो पिशवीत असतोच.

मंडळी, एवढंच सांगायचं होतं. तसबिरींच्या चौकटी बदलाल, तर मागची पाटी, पुठ्ठा आधी वाचा. वाचता येत नसेल तर निदान मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. नावं मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो, शाईही झिरपते. आणि घरात कुणी अक्का असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.