किरायदार आधी, घर मागाहून

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतले एक निवृत्त गुरुजी गेल्या पावसाळ्यात कचेरीत आले. पिशवीत मोठ्या कॉलनीचं रंगीत पत्रक होतं. "वकीलसाब, फंडाचे पैसे बँकेत पडून आहेत. तीस लाखांत तयार घर मिळतंय, आठ हजार किराया येईल म्हणतात. रजिस्ट्री तुम्हीच लिहा." मी विचारलं, "किरायदार कोण?" गुरुजी गोंधळले. घर घ्यायच्या आधी किरायदार कुठून येणार?

बुऱ्हाणपुरात पस्तीस वर्षं रजिस्ट्रीचे कागद आणि किरायाचे दावे, दोन्ही लिहितो आहे. लोक सौदा करताना एकाकडे जातात आणि पस्तावल्यावर दुसऱ्याकडे. माझ्या बाबतीत तो एकच माणूस असतो. म्हणून हा प्रश्न मी पहिल्या भेटीतच विचारून घेतो.

मी स्वतः हा प्रश्न विचारला नव्हता. 1996 साली शनवाऱ्याजवळ एक दुकान स्वस्तात मिळालं. आत जुना किरायदार होता, किराया महिना दीडशे. मनात म्हटलं, आपण वकील, काढू बाहेर. मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम 12 मध्ये बेदखलीची कारणं मोजून दिली आहेत. त्यांत न बसणारं कारण कितीही खरं असलं तरी कोर्टात उपयोगाचं नाही. शिवाय किरायदारासकट जागा विकत घेणाऱ्याला 'मला स्वतःला गरज आहे' हा दावा पहिलं वर्षभर लावताच येत नाही. मी वर्ष मोजून काढलं आणि कचेरीसाठी जागा हवी म्हणून दावा लावला. समोरच्याचा वकील उलटतपासणीत एवढंच म्हणाला, "सध्या आपण कुठे बसता?" वडिलांनी बांधलेल्या, माझ्याच नावावरच्या खोलीत बसत होतो. गावात स्वतःची दुसरी सोयीची जागा असेल तर ही गरज कायदा मानत नाही. किरायदार महिन्याच्या महिन्याला दीडशे रुपये कोर्टात भरत राहिला, त्यामुळे थकबाकीचंही कारण उरलं नाही. सात वर्षांनी हरलो. अखेर 2009 मध्ये ते दुकान त्यालाच विकलं. रजिस्ट्री मीच लिहिली. चहा त्यानं पाजला.

जळगाव-रावेरकडचे नातेवाईक मला हसतात. त्यांच्याकडे लिव्ह अँड लायसन्स आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्याची वेगळी तजवीज आहे: करार नोंदवायचा, आणि मुदत संपल्यावर माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ही मंडळी इच्छापूरची हद्द ओलांडून इकडे घर घेतात आणि तोच अकरा महिन्यांचा नमुना स्टॅम्पवर छापून आणतात. इकडे अकरा महिने एवढ्याचसाठी, की वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. कागद संपला म्हणून इथला किरायदार परका होत नाही. 1961 च्या कायद्याचं छत्र त्याच्या डोक्यावर तसंच राहतं. निवृत्त सरकारी नोकर, विधवा, अपंग अशा काही मालकांना स्वतःच्या गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जवळची वाट आहे. गुरुजी त्यात बसतात. पण ती वाट आहे म्हणून विहिरीत उडी घेऊ नये.

तर मग किरायदार कोण? या गावात त्याचं उत्तर दर पिढीला बदललं. लालबागेत ते ताप्ती मिल आणि रेल्वे होतं. सकाळचा भोंगा वाजायचा, एकेका वाड्यात पाच-पाच बिऱ्हाडं असायची. मिल 2020 च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच. आधीच पातळ झालेली ती बिऱ्हाडं आणखी पांगली. दुसरीकडे 15 ऑगस्ट 2003 ला बुऱ्हाणपूर खंडव्यातून वेगळा जिल्हा झाला, आणि बदलीवर येणारा बाबू, नर्स, शिक्षक, बँकेचा क्लार्क असा नवा किरायदार तयार झाला. मला विचाराल तर सोन्यासारखा! दोन-तीन वर्षांनी त्याचीच बदली होते, मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण तो पॉवरलूमच्या गल्लीत राहणार नाही. रात्रभर चालणाऱ्या मागांची खटखट ज्याला अंगाईसारखी वाटते तो कारागीर वेगळा, त्याचा किराया वेगळा.

आणि पाणी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगलांनी सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून या शहरात आणलं. ते कुंडी भंडारा बघायला पर्यटक लिफ्टनं खाली उतरतात. घर पाहणाऱ्यानं मात्र नळ येण्याच्या वेळेला जावं. दलाल नेमका दुपारी चार वाजता नेतो.

गुरुजींसमोर कागदावर हिशेब मांडला. तीस लाखांवर स्टॅम्प आणि नोंदणी शेकडा दहाच्या वर जाते, म्हणजे निदान तेहतीस लाख धरा. वर्षाचा किराया शहाण्णव हजार. एक महिना घर रिकामं, संपत्तिकर, रंग, मोटर जळणं वजा जाता पंचाहत्तर हजार हाती. शेकडा सव्वादोन! बँकेची मुदत ठेवही याहून बरी. आणि कर्ज काढलं तर? चोवीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता वीस हजार आठशे, किराया आठ. आयकरात किरायाच्या उत्पन्नातून, मालकानं भरलेला संपत्तिकर वजा करून, सरसकट तीस टक्के सूट मिळते हे खरं, पण सूट म्हणजे कमाई नव्हे. भाव वाढेल म्हणाल तर तो वेगळा जुगार, त्याला किरायाचं नाव देऊ नये.

पत्रकातल्या कॉलनीचे कागद मागवले. शेतजमिनीचं डायवर्जन (आपल्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, बिनशेती) अर्ध्याच खसऱ्याचं झालेलं, टीएनसीपीचा (नगर व ग्राम नियोजन खात्याचा) मंजूर नकाशा नाहीच. अशी घरं रजिस्ट्रीनं विकली जातात, पण नामांतरणाला आणि बँकेला अडतात. कलेक्टर गाइडलाइनच्या सरकारी दरापेक्षा खूप स्वस्त सौदा दिसला की मी आधी चश्मा पुसतो.

"मग पैसे बँकेतच ठेवू?" गुरुजी जरा रागावून म्हणाले.

"तुमच्या घरावर गच्ची आहे ना?"

समजा, पाचशे चौरस फुटांच्या दोन खोल्या. फुटाला सोळाशे धरले तर आठ लाख. जमीन विकत घ्यायची नाही, रजिस्ट्री नाही. लागेल ती नगर निगमाची बांधकाम परवानगी, पाया तपासणारा इंजिनिअर आणि बाहेरून वेगळा जिना. साडेपाच हजार किराया आला तरी शेकडा आठ. किरायदार डोळ्यांसमोर, नळ एकच, आणि गुरुजींच्या मते महत्त्वाचं म्हणजे रात्री घरात माणसांचा आवाज. तोटाही आहे: न पटणारा माणूस रोज जिन्यात भेटतो.

दिवाळीआधी दोन्ही खोल्यांचा स्लॅब पडला. परवा गुरुजींचा फोन आला. जिल्हा रुग्णालयात बदलून आलेली एक नर्स जागा बघून गेली होती. पुताई बाकी, दाराला कडीही नव्हती. तिनं किराया विचारलाच नाही. नळ किती वाजता येतो आणि टाकी केवढी, एवढंच विचारून गेली. गुरुजी विचारत होते, करार कधी लिहायचा? म्हटलं, आधी टाकी बसवा.