पाठीवर मावेल तेवढंच

भाऊबीज झाली की आमच्या वस्तीवर आवराआवर सुरू व्हायची. फलटण तालुक्याच्या दुष्काळी अंगाला आमचं गाव. पावसाळ्यात माळावर उगवलेलं गवत तोवर मेंढरांनी खरडून खाल्लेलं असायचं, ओढे आटायला लागलेले असायचे. मग चार-पाच घरांचा मिळून एक वाडा निघायचा. आम्हा धनगरांत वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, बायामाणसं, पोरंबाळं असा सगळा चालता मेळ म्हणजे वाडा. लोणंद, शिरवळ, भोर करत वरंध घाटानं खाली उतरायचं, बिरवाडी-महाडच्या अंगाला भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवत हिंडायचं आणि मिरगाच्या आधी माघारी यायचं. सात महिन्यांचा फेरा.

या सात महिन्यांत हवा किती रंग दाखवायची! निघताना माळावरची कोरडी, हाडात शिरणारी थंडी. भोरच्या पुढं डोंगरात गेलं की पहाटे पांघरूण ओलं करणारं दव. खाली कोकणात फाल्गुन-चैत्रात घामाची अशी चिकचिक, की अंगावर कापड नको वाटावं. परतीच्या वाटेवर वळवाचा पाऊस, कधी गारा. आणि या सगळ्याला पुरेल असा संसार न्यायचा तो घोड्यावरून. आमच्या घरची दोन घोडी होती. एकावर सामान, दुसऱ्यावर नुकती जन्मलेली कोकरं, कोंबड्यांचा खुराडा आणि चालून दमलेलं एखादं पोर.

सामान बांधायचं काम आईचं. निघायच्या दोन दिवस आधी ती सगळं अंगणात मांडायची. मांडून झालं की कमरेवर हात ठेवून नुसती बघत उभी राहायची. मग एकेक वस्तू उचलून परत घरात न्यायची. पाटा-वरवंटा पहिल्यांदा आत जायचा. चुलती एकदा म्हणाली, "अगं, वाटायचं कशावर?" आई म्हणाली, "दगूड काय वाटंला मिळंना व्हय?" तीच गत चुलीची, सरपणाची आणि धान्याची. पहिल्या चार मुक्कामांपुरती बाजरी बरोबर असायची. पुढं ज्याच्या रानात मेंढरं बसायची तो शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचा. देशावर ज्वारी-बाजरी, घाट उतरला की तांदूळ. जे वाटेत मिळतं ते पाठीवर न्यायचं नाही, हा आईचा पहिला कायदा.

दुसरा कायदा असा, की एक वस्तू दोन-तीन कामांना आली पाहिजे. जर्मलची पातेली एकात एक बसणारी. सगळ्यात मोठ्या पातेल्यात बाकीची, त्यांच्या पोटात चटणीचा डबा, मीठ आणि हळदीची पुरचुंडी. हळद कालवणाला, माणसाच्या जखमेला आणि मेंढराच्याही. परात पिठाला, आणि तीच कोंबड्यांना झाकायला. दाभण आणि सुतळीनं खोगीरही शिवायचं आणि तुटलेली चप्पलही. कपडे म्हणजे अंगावरचा एक जोड आणि बदलायला एक. थंडीचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे असली भानगड नव्हती.

कारण त्या सगळ्याला एकच उत्तर होतं, घोंगडं. आमच्याच मेंढरांची लोकर, सनगरानं विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. नवं असताना पत्र्यासारखं ताठ. थंडीत अंगावर, उन्हाळ्यात खाली, पावसात डोक्यावरून खोळ करून. दगडाला आणि काठीला बांधलं की सावली. नुकतं व्यालेलं कोकरू त्यातच गुंडाळायचं. ओलं झालं तरी ऊब देतं, हे लोकरीचं वैशिष्ट्य मी पुढं पुस्तकात वाचलं. आईला ते न वाचता ठाऊक होतं.

ही काटकसर हौसेची नव्हती. वजन जास्त झालं किंवा दोन्ही बाजूंना सारखं बसलं नाही, की खोगीर घासून घोड्याची पाठ लागायची. माळावर असली जखम लवकर सुकते. कोकणच्या दमट हवेत ती चिघळते, माश्या बसतात. घोडं अडलं की वाडा अडला. आणि मिरगाच्या आत घाट चढणं भागच होतं. आमच्या भागात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस, महाडकडं 3000च्याही वर. कोरड्या माळाची आमची दख्खनी मेंढरं त्या पावसात टिकत नाहीत. लोकर भिजून जड होते, चिखलात खुरं सडतात. म्हणून आबा सामानाचे दोन्ही भारे हातानं तोलून बघायचे. जड बाजूचं काय काढायचं ते आईनं ठरवायचं. आणि ती काढायची.

पुढं नोकरीत माझ्या बदल्या झाल्या. कधी विदर्भातल्या उन्हात, कधी सह्याद्रीच्या पावसात. दरवेळी सामान मी आईसारखंच जमिनीवर मांडलं आणि उभा राहून बघितलं. लोक म्हणायचे, "एवढंच?" एवढंच.

पण हे शिकलो त्यातलं एक वर्ष वेगळं होतं. 1984 ची दिवाळी. मी चौथीत होतो. त्याआधीची तीन वर्षं दिवाळीपर्यंत शाळा आणि पुढं वाडा असंच चाललं होतं. गुरुजी वस्तीवर येऊन आबांना म्हणाले, "पोरगं हुशार आहे. सात महिने नेलंत तर वाया जाईल." आजीच्या गुडघ्यांनी जबाब दिला होता, ती त्या वर्षापासून घरीच राहणार होती. रात्री जेवताना आबा म्हणाले, "औंदा ह्याला हितंच ठिवायचा." आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात सामान मांडलं, तेव्हा माझी थाळी त्यात नव्हती. माझी सदरा-चड्डीही नव्हती. आईनं मांडण्याआधीच ते बाजूला काढलं होतं. त्या साली घोड्याचा भार हलका झाला होता. पहाटे वाडा हलला, घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या, तेव्हा मी जागा होतो. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. आईनं केसांवरून हात फिरवला तरी डोळे उघडले नाहीत.

रात्री थंडी वाजली तेव्हा मी माझी घोंगडी शोधली. जावळाची, म्हणजे कोकरांच्या पहिल्या लोकरीची, मऊ आणि लहानशी. घरभर शोधली. नव्हती. आजी म्हणाली, "चुकून बांधली असंल. ये हिकडं." तिच्या गोधडीत शिरलो, पण झोप लागली नाही. आईच्या हातून सामानात चूक होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मला ठेवलं आणि माझं पांघरूण नेलं, हा राग मी सगळा हिवाळा उराशी धरून बसलो. पाढे पाठ केले, चौथीची परीक्षा दिली, पण राग गेला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडा परत आला. माणसं काळवंडलेली, घोडी उतरलेली. आई अंगणात भारा सोडत होती. पातेली निघाली, वाघूर निघाली, आणि सगळ्यात खालून माझी घोंगडी. मी बांधाआडून बघत होतो. तिची घडी जशीच्या तशी होती.

चुलती माझ्या जवळ येऊन बसली. म्हणाली, "वरंधाच्या उतारावर घोडं लंगडाय लागलं. तुझा आबा म्हनला, टाका काय तरी. तवा तुझ्या आईनं आपलं दुसरं लुगडं टाकलं, थोरलं पातेलं टाकलं. ही काय टाकली न्हाय. डोक्यावर घिऊन घाट उतरली. आन सात म्हैन्यात कुनाला पांघरू दिली न्हाय बघ. मधनंच उनात टाकायची, परत घडी घालायची."

मी उठून आईजवळ गेलो. तिनं घोंगडी झटकून माझ्या खांद्यावर टाकली. धुराचा आणि मेंढरांचा वास आला. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "लई थंडी वाजली का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

ती पुढची गाठ सोडायला लागली.