कॉफीच्या भांड्यांचं गाव

इटलीत लोक व्हेनिसला जातात, मी कॉफीची भांडी बघायला ओमेन्याला गेले. मिलानहून नोव्हारा, तिथे गाडी बदलली की ओर्ता तळ्याच्या टोकाला हे गाव. इथली निगोलिया नदी तळ्यातून निघते आणि चक्क आल्प्सच्या दिशेने, उत्तरेला वाहते!

गावाच्या क्रुझिनालो भागात अल्फोन्सो बियालेत्तींचा कारखाना होता. १९३३चा त्यांचा अष्टकोनी मोका पॉट तुम्ही पाहिला असेलच. खाली पाणी, मध्ये कॉफी. वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून वर चढतं. (कॉफी दाबून भरू नका, गॅस बारीक ठेवा.) त्यांचा मुलगा रेनातो २०१६ मध्ये गेला, तेव्हा त्याची रक्षा मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवली. कारखान्याला मात्र २०१० मध्येच कुलूप लागलं होतं.

अल्फोन्सोंचा नातू अल्बेर्तो अलेस्सी. त्याच्या कंपनीचं दुकान इथेच आहे. रिचर्ड सॅपरने १९७९ मध्ये डिझाइन केलेला '९०९०' हातात घेतला. स्टीलचा, आटे फिरवायची भानगड नाही, नुसता खटका. सॉलिड! पाचेक वेळा उघडून मिटला. मग किंमत बघितली आणि पुढच्या महिन्याचं घरभाडं आठवलं. फ्रीलान्सरचा चेक कधी येईल, सांगता येतं का?

भांड्यांच्या एका साध्या दुकानात मोकाची रबरी रिंग मिळाली. घरची झिजलीय, ओट्यावर कॉफी सांडते. दुकानदाराने साइज विचारला.

पुण्याला फोन लावला. "आई, आपला मोका किती कपांचा गं?"