मारका कोंबडा

गावात काय नि शहराच्या कडेच्या वस्तीत काय, परसात चार कोंबड्या असल्या की अंड्यांचा खर्च वाचतो आणि अडीनडीला दोन पैसे हाती येतात. पण कोंबडा मारका निघाला तर घरात रोजचा तंटा.

आमच्याकडे बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. पाच महिन्यांचे होईपर्यंत दोघेही गरीब. पुढे अंगात जोर आला आणि दोघेही अंगावर येऊ लागले. धाकटी मुलगी नळावर जायला रडू लागली. लहान मुलांचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात असतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हे.

शेजारी म्हणाले, "दोन काठ्या हाणा." पण मारले की कोंबड्याला ते लढाईचे आव्हान वाटते आणि पळालो की आपण जिंकलो असे वाटते. म्हणून आम्ही दोन्ही टाळले. त्याने मानेची पिसे फुलवली की पुढ्यात बादली धरून जागीच उभे राहायचे. तो बाजूला झाल्यावरच हलायचे. फारच चवताळला तर दोन-चार दिवस डालग्याखाली, दाणापाणी तिथेच. पायामागच्या काट्याचे टोक कानशीने बोथट केले. मुळाशी मात्र जाऊ नये, रक्त येते.

दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. जास्त झाले की ते आपसांत भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसे जातात. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालते. पिल्लांसाठीच तो लागतो.

महिनाभरात एक निवळला. घार दिसली की आजही तोच आधी ओरडतो. दुसरा मात्र बधला नाही. झुंजीसाठी दुप्पट पैसे देणारा गिऱ्हाईक दारात आला. महिनाअखेर होती, तरी आम्ही नाही म्हटले. मुक्या जिवांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आई म्हणाली, "पोरीच्या डोळ्यापेक्षा कोंबडा मोठा नाही." रविवारी तो घरीच शिजला.

स्वभाव काही अंशी रक्तातूनही येतो. तेव्हा मारक्या कोंबड्याच्या वंशाची अंडी उबवायला ठेवू नयेत. आणि काटा लागलाच तर हळद चेपून गप्प बसू नये; जखम साबणपाण्याने धुवावी व दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.