भोपाळच्या रानवाटा आणि एक मुका सोबती

भोपाळचे नाव निघाले की आपल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात : तेथील तलाव आणि सन १९८४ मधील ती विषारी वायूची काळरात्र. या शहराच्या वेशीला लागूनच रान आहे, आणि तेही वाघाचे रान, हे आपणांपैकी फारच थोड्यांच्या कानी आले असेल. फेब्रुवारी महिन्यात तेथील शिवाजी नगर या वस्तीत एका मराठी कुटुंबाकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. यजमान सरकारी नोकरीत. घरी पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि मोत्या नावाचा तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा गावठी कुत्रा. प्रस्तुत लेखकाचा खरा वाटाड्या हा मोत्याच होय.

दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले आणि सरकारी नोकरांसाठी नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. शिवाजी नगर ही अशाच वसाहतींपैकी एक. घरे बैठी, साधी, रंग उडालेली. परंतु अंगणात व रस्त्याच्या दुतर्फा कडुनिंब, आंबे, जांभळी अशा दाटीने वाढल्या आहेत की पहाटे चालताना आपण राजधानीच्या मध्यभागी आहोत हे ध्यानी येत नाही. मोत्या प्रत्येक बुंध्याशी थांबे, वास घेई, मग पुढे जाई. माणूस वर्तमानपत्र वाचतो तसे कुत्रे जमीन वाचते. रात्री कोण आले, कोण गेले, कोणत्या गल्लीत नवा कुत्रा आला, हे सारे त्याला तेथे कळते. त्याला घाईने ओढून नेणे म्हणजे वाचकाच्या हातचे पान हिसकावून घेणे होय.

ही झाडे आज उभी आहेत ती सहजासहजी नव्हे. सन २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’साठी प्रथम हीच वस्ती निवडली गेली होती, रहिवाशांनी झाडांसाठी विरोध केला आणि ती योजना दुसरीकडे नेण्यात आली. पुढे सन २०२४ मध्ये मंत्री व आमदार यांच्यासाठी शिवाजी नगर आणि शेजारच्या तुलसी नगरात नवी निवासस्थाने बांधण्याचा बेत पुढे आला. सुमारे २९,००० झाडांवर कुऱ्हाड येणार असे बोलले जाऊ लागले. तेव्हा जून महिन्याच्या उन्हात बायाबापड्या झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या. आमच्या यजमानीणबाईही त्यांत होत्या. “फादर, आम्ही काही पुढारी नव्हे. सावली गेली तर आम्ही बसायचे कुठे, एवढेच आम्हांला कळत होते,” असे त्या म्हणाल्या. त्याच महिन्यात सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला.

एके दिवशी मोठ्या तलावाकाठच्या वनविहार राष्ट्रीय उद्यानात जाण्याचे ठरले. मोत्याला मात्र घरी ठेवावे लागले. तेथे कुत्र्यास मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. सन २०१८ मध्ये गीरच्या रानात वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतील काहींच्या शरीरात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले होते. आपले जनावर कितीही गुणी असले तरी वन्य प्राण्याला त्याच्यापासून अपाय होऊ शकतो, ही गोष्ट कुत्रा पाळणाऱ्यांच्या सहसा मनात येत नाही.

मोत्याची खरी सहल झाली ती कलियासोत व केरवा धरणांच्या बाजूस. मोठा तलाव हा अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला असे मानतात. तो भरला की सन १९६५ मध्ये बांधलेल्या भदभदा येथील दारांतून जादा पाणी कलियासोत नदीत सोडतात. त्या नदीच्या आसपास सागाचे विरळ रान आहे. आम्ही गेलो तेव्हा साग निष्पर्ण झाला होता आणि पळसाला नुकताच बहर आला होता. करड्या टेकडीवर मध्येच केशरी ठिणग्या पेटल्यासारख्या दिसत. पायांखाली वाळूचा दगड, वाळके गवत आणि त्याची कुसळे. सकाळी सात वाजता हवेत गारवा होता, परंतु दहानंतर हाच दगड तापतो आणि अनवाणी जनावराचे तळपाय भाजतात. म्हणून कुत्र्याला घेऊन जाणाऱ्याने लवकर निघावे व त्याच्या वाटणीचे पाणी स्वतःच्या खांद्यावर घ्यावे.

“फादर, आता मोत्याला सोडू का? येथे मोटारी नाहीत,” मुलाने विचारले.

“नको रे बाळ. साखळी धरूनच चल,” मी म्हणालो.

या टेकड्यांत वाघांचा वावर आहे आणि बिबट्यांचाही. बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही. आपल्या बोरिवलीच्या उद्यानातील बिबट्यांच्या आहारातही कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. वसईकडील वाचकांना हे सांगावयास नकोच. शिवाय मोकळा कुत्रा हरणामागे धावतो, आणि भ्याला की आपल्या धन्याकडेच पळत येतो. त्याच्यामागे कोण येत असेल याचा नेम नाही!

बायबलातील तोबियाच्या प्रवासाची मला येथे आठवण झाली. देवदूत सोबतीला असतानाही त्या तरुणामागे त्याचा कुत्रा निघाला होता. पवित्र ग्रंथात कुत्र्याचा उल्लेख बहुधा हेटाळणीने येतो. येथे मात्र तो घरच्या माणसासारखा वाटेला लागतो. त्याचे नाव कोणी लिहून ठेविले नाही, याची चुटपुट लागते.

केरव्याजवळ गिधाडांचे संवर्धन केंद्र आहे. आत जाण्याची मुभा नाही, परंतु त्याची कथा कुत्र्यांशी निगडित आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे, ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणारी गिधाडे लाखोंनी मेली. सन २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडे गेल्यावर मेलेली ढोरे भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर पिसाळण्याचे भयही वाढले. मोत्याला दरवर्षी लस टोचतात, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

परतताना नदीच्या ओल्या वाळूपाशी मोत्या एकाएकी थांबला. शेपटी खाली गेली, पाठीवरचे केस उभे राहिले, पण तो भुंकला नाही. जवळच म्हशी राखणारा एक म्हातारा बसला होता. त्याने काठीने वाळूकडे बोट दाखविले. तेथे ताटलीएवढा पंजा उमटला होता, नखांची खूण नसलेला; शेजारी मोत्याचा पंजा अगदी नाण्यासारखा दिसत होता. “पहाटे पाणी पिऊन गेला,” म्हातारा हिंदीत म्हणाला, जणू शेजारचा कोणी दूध घेऊन गेला असावा. “रोजचाच आहे. तुम्ही मात्र सडकेने जा.”

मुलाने कधी नव्हे ती साखळी दोन्ही हातांनी धरली होती. आम्ही सडकेने निघालो. मोत्या सर्वांच्या पुढे चालत होता, आणि पक्की घरे दिसू लागेपर्यंत त्याने एकाही झाडाचा वास घेतला नाही.