जाण्याआधी मी काय विचारायला हवं होतं

लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ तोक्योला जाणाऱ्या मराठी मुली मला अधूनमधून फोन करतात. बहुतेकींचा प्रश्न ठरलेला असतो, “ताई, तिथे इंग्रजी शिकवायचं काम मिळतं ना?” मिळतं. पण तेवढ्याच भरवशावर मी पुण्यातली नोकरी सोडली होती, म्हणून एका शब्दात उत्तर देऊन फोन ठेवणं मला जमत नाही. माझं काय काय चुकलं ते त्यांना सांगते. तेच इथे लिहिते आहे.

२०१७ मध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याला तोक्योला पाठवलं. मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत होते. एम.ए., बी.एड. झालेलं, अनुभवही बऱ्यापैकी. इंग्रजी संभाषणाचे खासगी वर्ग, ज्यांना तिथे ‘एइकाइवा’ म्हणतात, स्टेशनाजवळ हमखास असतात हे ऐकून होते. सरकारी शाळांत जपानी शिक्षकाच्या जोडीला परदेशी साहाय्यक शिक्षक असतात आणि १९८७ पासून ‘जेट’ या सरकारी योजनेतून असे तरुण तिथे जातात, हेही वाचलं होतं. एवढ्यावर मी राजीनामा दिला. “बिनपगारी रजा घ्या, वर्षभराने ठरवा,” असं आमच्या प्राचार्यांनी स्वतः सुचवलं होतं. मला ते अर्धं मन मागे ठेवून जाण्यासारखं वाटलं. संसार मांडायला निघाले आहे तर परतीची सोय कशाला, असं म्हणून मी नकार दिला. या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप होतो.

शाळेतल्या पूर्णवेळ कामासाठी लागणाऱ्या ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसाची अट मी तिथे गेल्यावर वाचली. जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. माझी शाळा साताऱ्याची, दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. इंग्रजी विषय पाचवीपासून. अकरावीपासून बी.एड.पर्यंतची सगळी वर्षं मोजली तरी बारा भरत नव्हती. पदव्यांचा गठ्ठा घेऊन गेले होते, पण त्यात नेमकं हवं ते नव्हतं. पुण्यात असतानाच हा नियम वाचला असता तर निदान राजीनामा देताना दहा वेळा विचार केला असता.

मी ‘डिपेंडंट’, म्हणजे नवऱ्याच्या आधारावर मिळालेल्या, व्हिसावर होते. त्यावर काम करायचं तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते. ती मिळाली की रेसिडेन्स कार्डाच्या मागे शिक्का बसतो आणि आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येतं. दोन ठिकाणी शिकवलं तरी दोन्हीकडचे मिळून २८. या अर्जाला फी लागत नाही. तरीही मी तो वेळेत केला नाही. आमच्या इमारतीतल्या दोन-तीन मुलांना आणि शेजारच्या जपानी बाईंना मी घरी शिकवू लागले, पाकिटातून पैसे घेऊ लागले. घरच्या घरी शिकवणी, तिला कसली परवानगी, हा माझा पुणेरी हिशेब होता. तिथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात, तिथे बरीच वर्षं राहिलेल्या एका काकूंना सहज हे बोलले, तेव्हा त्या गंभीर झाल्या. “आजच्या आज बंद कर. हे उघडकीला आलं तर तुझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडेल.” नवऱ्याला मी त्या पैशांबद्दल सांगितलंच नव्हतं. घरात आपलेही चार पैसे असावेत, एवढीच इच्छा होती. पण ज्याच्या आधाराने मी त्या देशात राहत होते, त्याच्यापासूनच मी हे लपवलं. शिकवण्या थांबवल्या, आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि त्याला सगळं सांगितलं. तो रागावला, आणि त्याचं बरोबर होतं.

परवानगी आल्यावर एका एइकाइवात काम मिळालं. करार जपानीत होता. मी शेवटच्या पानावर सही केली. पगार ताशी नव्हता, तासिकेवर होता. दोन तासिकांमधली मोकळीक, नव्या विद्यार्थ्यांशी बोलणं, वह्या तपासणं हे सगळं विनामोबदला होतं. जपानच्या कामगार कायद्यानुसार अर्धवेळ कर्मचाऱ्यालाही सहा महिने नियमित काम केल्यावर पगारी रजा मिळते, हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी ती कधी मागितली नाही.

पण सर्वांत मोठी चूक वर्गात झाली. संस्थेच्या पत्रकात माझी ओळख ‘लहानपणापासून इंग्रजीत वाढलेली शिक्षिका’ अशी छापली होती. ते खोटं होतं आणि मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. उलट त्या ओळखीला शोभावं म्हणून अमेरिकन वळणाचे उच्चार काढू लागले. वर्गात निवृत्त गृहस्थ, ऑफिस सुटल्यावर येणारे कर्मचारी, मुलांना ‘एइकेन’ या इंग्रजीच्या परीक्षेला बसवणाऱ्या आया असत. मी प्रश्न विचारला की सगळे गप्प. मला वाटे, यांना येत नाही. मग मी आणखी व्याकरण समजावत असे. प्रत्यक्षात व्याकरण त्यांचं पक्कं होतं, शाळेत त्यांनी तेच घोटलेलं असतं. त्यांना चारचौघांत चुकण्याची भीती होती, आणि ती मी वाढवत होते. एका वयस्क विद्यार्थ्याने नातवाबद्दल पानभर सुंदर लिहून आणलं होतं. ते वाचायला मी त्यांना उभं केलं आणि ‘ए’ आणि ‘द’ या उपपदांच्या चुका ओळीओळीला सुधारल्या. पुढच्या आठवड्यापासून ते आले नाहीत. त्यांची मला माफी मागता आली नाही.

तिथल्या एका जपानी सहकारी बाईंनी मला ताळ्यावर आणलं. आधी लिहायला वेळ द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग वर्गासमोर. आणि चुका एकेकट्याला नंतर सांगा, असं त्यांनी सुचवलं. त्याच सुमारास एका मुलीने विचारलं, “तुम्ही इंग्रजी कसं शिकलात?” मी प्रथमच खरं सांगितलं. माझ्या भाषेतही जपानीसारखं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ‘ए’ आणि ‘द’ आमच्याकडेही नाहीत आणि त्यांनी मला कॉलेजात रडवलं होतं. त्यानंतर विद्यार्थी अडचणी बोलून दाखवू लागले, कारण त्या वाटेने मी स्वतः गेले होते. इंग्रजीत वाढलेल्या माणसाकडे हा अनुभव नसतो. माझ्याकडे होता आणि मी तोच लपवत होते. पत्रकातली ओळ मी नंतर बदलून घेतली.

आणखी एक चूक, जिची किंमत घराने मोजली. इंग्रजी शिकवायला जपानी कशाला, असं म्हणून मी ती भाषा शिकले नाही. पुण्यात जपानीचे वर्ग किती आहेत! ‘जेएलपीटी’ ही जपानी भाषेची परीक्षाही तिथे होते. आमचं घर एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला, भारतीयांच्या वस्तीत, त्यामुळे किराणा आणि गप्पा यांत अडत नव्हतं. पण बँक, दवाखाना, वॉर्ड ऑफिसचं पत्र, प्रत्येक गोष्टीला नवऱ्याला ऑफिसातून फोन घ्यावा लागे. त्याला ओझं झालं आणि मला अपमान वाटू लागला. आमची बरीच भांडणं या एका कारणाची होती, हे दोघांनाही उशिरा कळलं. २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या परिषदेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. ते पाहून मी सार्वजनिक केंद्रातल्या जपानी शिकवणाऱ्या स्वयंसेवकांच्या वर्गात नाव घातलं. हिरागाना ही लिपी वाचता यायला लागल्यावर घरातला ताण खरोखर कमी झाला.

म्हणून फोन करणाऱ्या मुलींना मी सांगते. नवऱ्यासोबत राहायला जाणं योग्यच आहे, अवश्य जा. पण आपल्या कामाची चौकशी आपण करा, ती त्याच्यावर सोपवू नका. आपल्या शिक्षणावर कोणता व्हिसा मिळू शकतो ते निघण्याआधी तपासा. रजा मिळत असेल तर राजीनामा देऊ नका. परवानगीचा शिक्का बसेपर्यंत एक येनही घेऊ नका. करार समजणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. नोकरी आहे की कंत्राट, हे स्पष्ट विचारा, कारण कंत्राटी कामाला २८ तासांची साधी परवानगी चालेलच असं नाही. जपानीचा पहिला वर्ग इथेच करून जा. आणि वर्गात उभ्या राहाल तेव्हा आपण मराठी शाळेत शिकलो हे पहिल्याच दिवशी सांगा.